व्हय म्हाराजा, पण देतो कोण?

गेल्या आठवड्यात आमच्या गृहउद्योगात नवीन लागलेली मुलगी संगणकावरून मान वळवून म्हणाली, "मॅडम, फोटो साफ करायचं एक सॉफ्टवेअर आजच्या दिवस फुकट मिळतंय. घेऊ उतरवून?"

मी तोंड उघडायच्या आत, कोकमासाठी रातांबे फोडत बसलेल्या बायका मान वर न करता एका सुरात म्हणाल्या, "देतो कोण?"

मुलगी दचकली. "कंपनीच देते आहे."

"का देतो?"

"बदल्यात मागतो काय?"

तिसऱ्या प्रश्नाला मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं असावं, आपण रातांबे फोडणाऱ्या बायकांत आलो की पोलीस चौकीत. मी तिला सांगितलं, घाबरू नकोस, हे धोंडूभाऊंचं आहे. त्यावर तिने साहजिकच विचारलं, कोण धोंडूभाऊ? तेव्हा माल भरायची घाई होती. आज सवड आहे म्हणून लिहिते.

धोंडूभाऊ गुरव आमच्याकडे प्रिंटर दुरुस्त करायला आले. प्रिंटर दुरुस्त झाला आणि धोंडूभाऊ राहिले. जयगडच्या बंदरात त्यांनी आयुष्यभर जहाजांच्या मालाच्या नोंदी, आधी वहीत आणि मग संगणकावर, केल्या होत्या, निवृत्त होऊन ते रत्नागिरीत घर करून होते आणि घरात त्यांची बायको त्यांना दुपारपर्यंतच सहन करू शकत असे. हे त्या माउलीनेच मला सांगितलं. आमच्या अध्यक्षा शेट्येबाईंनी त्यांना महिन्याचं थोडं मानधन आणि आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारट रसाची, एक बाटली कबूल केली. धोंडूभाऊ म्हणाले, बाटली चालेल, मानधनाचं बघू.

ठेंगणा माणूस. कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, बारा महिने हातात लांब दांड्याची छत्री, आणि गळ्यात तुळशीची माळ व काळ्या दोऱ्यात ओवलेले दोन पेनड्राइव्ह. माळ शर्टाच्या आत आणि पेनड्राइव्ह बाहेर. एकदा शेट्येबाईंनी विचारलं, "भाऊ, दोन कशाला?"

"एकात तुमचा सगळा हिशेब, पत्ते, लेबलं. रोज संध्याकाळी उतरवून घेतो."

"आणि दुसऱ्यात?"

"तेच. पहिला हरवला तर?"

त्यांचं खरं वेड निराळं होतं. परदेशातली एक वेबसाइट रोज एक सॉफ्टवेअर फुकट देत असे. एरवी पैसे मोजून घ्यायचं, त्या एका दिवसापुरतं फुकट. त्याच दिवशी उतरवायचं, त्याच दिवशी बसवायचं. दुसऱ्या दिवशी त्याची किल्ली, म्हणजे ते चालू करायचा आकडा, चालत नाही. तिकडे मध्यरात्र झाली की नवीन सॉफ्टवेअर लागायचं, आणि तिकडची मध्यरात्र म्हणजे आमची जेवणाची वेळ. बायका डबे उघडायच्या आणि धोंडूभाऊ डबा बाजूला सारून संगणकाकडे धावायचे.

जुबेदाआपा त्यांना विचारायची, "काय लागला आज?" मिरकरवाड्याच्या जेटीवर होडी लागली की विचारतात तसं.

"आज काटेरीच हाय सगळं," ते हिरमुसून सांगायचे. किंवा, "सुरमई! सुरमई लागली!" आणि जेवण तिथेच निवायचं.

असं करत त्यांनी घरच्या संगणकात काय काय जमवलं होतं. फाइली जोडायचं, फाइली तोडायचं, पडद्यावर पाऊस पाडायचं, पियानो शिकवायचं. कुत्र्यांची वंशावळ ठेवायचंसुद्धा एक होतं. त्यांच्या बायकोने माझ्यादेखत कपाळावर हात मारला होता: "घरात कुत्रं नाय, आन् त्याच्या खापरपणज्याची सोय हाय!"

"असू दे," धोंडूभाऊ म्हणाले. "फुकट हाय आणि साफ हाय. कुत्रं काय, कधीपन घेता येतं."

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. हा माणूस हावरट नव्हता, चिकित्सक होता. रोज लागलेल्यातलं बरंचसं ते सोडून द्यायचे. मी एकदा विचारलं, फुकट देणाऱ्याला काय मिळतं? ते छत्री टेकून उभे राहिले. आता हा माणूस व्याख्यान देणार, हे मला छत्री टेकण्यावरून कळायचं.

"वैनी, मे महिन्यात शेजारी पाटीभर आंबे आणून देतो. का देतो?"

"झाडाला जास्त लागले असतील."

"बरोबर. हा पहिला. दुसरा देतो, कारण यंदा चव लागली की पुढल्या वर्षी तुम्ही पेटी विकत घ्याल. हा पन चांगला मानूस. तिसरा देतो, कारण आंबे डागी हायत. वर हिरवागार, आत किडा. आणि चौथा?"

"चौथा कोण?"

"चौथा तुमाला सगळ्यात गोड आंबे देतो. फक्त बाग त्याची नसते." ते आवाज उतरवून म्हणाले, "चौथ्याची पाटी दारातूनच परत."

धोंडूभाऊंचं मूळ गाव मंडणगडच्या बाजूला, डोंगरातलं. त्यांच्या घराकडे ग्रामदेवतेचं गाऱ्हाणं घालायचा मान. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून गावाच्या वतीने मोठ्याने साकडं घालायचं, आणि प्रत्येक ओळीला गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आवाज धोंडूभाऊंचा खणखणीत, पण मान थोरल्या भावाकडे. थोरला भाऊ असेतो धाकट्याने जमावात उभं राहून 'व्हय' म्हणायचं, बस. जन्मभर या माणसाने दुसऱ्याच्या गाऱ्हाण्याला होकार भरला होता. हे शल्य त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण आमच्या संगणकावर पहिलं फुकट सॉफ्टवेअर बसवायच्या दिवशी ते बाहेर पडलं.

त्यांनी सगळ्या बायकांना हात धुऊन उभं केलं. स्वतः संगणकासमोर चपला काढून उभे राहिले आणि सुरू झाले:

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही, हसू दाबत.

"आज ह्या लेकींच्या मशीनीवर नवीन पावना येतोय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो बनवनाऱ्याच्या सोताच्या घरातून आलाय, वाटेत कुनाच्या हाती लागलेला नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्याबरोबर न बोलावलेलं कोन आत शिरत असंल, तर त्याच्या चौकटीतली खूण आमी काढून टाकलीय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो आमचा पासवर्ड मागत नाय, पहारेकऱ्याला झोपवा म्हनत नाय, आणि आमी त्याची तपासनी केलीय, म्हाराजा!"

शेवटच्या होकाराला पत्रा हादरला. जुबेदाआपाचा आवाज सगळ्यांत वर. तिचं माहेर दाभोळचं, सासर जयगडचं, नवरा बोटीवर. अशा बाईला खालच्या पट्टीत बोलता येत नाही. शेजारच्या गॅरेजमधला माणूस धावत आला, कोणाला साप चावला का म्हणून.

तेव्हापासून हा रिवाज पडला. मी व्यवहारी बाई आहे, मला आधी हा पोरकटपणा वाटला. मग लक्षात आलं, की ज्या बायका आदल्या वर्षी 'बक्षीस लागलंय' म्हणणाऱ्याला फोनवर सगळं सांगून बसल्या असत्या, त्यांना आता तपासणीच्या सगळ्या ओळी तोंडपाठ आहेत.

फक्त एक घोटाळा होता. गाऱ्हाण्याला 'नाही' कोणी म्हणत नाही.

रातांब्यांच्या ऐन हंगामात तो घोटाळा भोवला. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल, डोक्यावर काम, आणि धोंडूभाऊ एक व्हिडिओ बनवायचं सॉफ्टवेअर घेऊन उभे. नेहमीच्या वेबसाइटवरचं नव्हतं, कुठून तरी सापडलेलं. त्यांना शंका होती. म्हणून त्यांनी ती गाऱ्हाण्यातच घातली.

"हा पावना म्हनतोय, पहारेकऱ्याला घडीभर झोपवा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका, रातांबे फोडत.

धोंडूभाऊ थबकले. "तर झोपवू का, म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!"

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अगं बायांनो, ऐका तरी. पण गुरवाच्या घरचा माणूस. जमावाचा होकार पडला की तो पडला, परत घेता येत नाही. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि व्हायरस अडवणारं सॉफ्टवेअर बंद केलं.

पुढचा तासभर मी विसरणार नाही. आधी संगणक मोठ्याने म्हणाला, "बधाई हो! आप जीत गये हैं!" जुबेदाआपा ताडकन उठली. "काय जिंकला?" मग पडद्यावर एक रंगीत चक्र फिरायला लागलं. ते बंद केलं तर बारीक होण्याच्या चहाची जाहिरात आली, नेमकी शेट्येबाई बिल बघायला बसल्या तेव्हा. शेट्येबाई अंगाने भरलेल्या आहेत. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग धोंडूभाऊंकडे, आणि म्हणाल्या, "हे कुणी लावलं?" तेवढ्यात संगणकाने पुन्हा त्यांचं अभिनंदन केलं.

शेवटी धोंडूभाऊंनी सगळा संगणक पुसून कोरा केला. हिशेब आणि पत्ते त्यांच्या गळ्यातून सुखरूप परत आले. पण लेबलं छापायचं जुनं सॉफ्टवेअर गेलं. ते कधीकाळी प्रिंटरबरोबर आलं होतं आणि त्याची किल्ली कोणापाशीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते नारळ घेऊन आले. संगणकासमोर फोडला, आम्हाला खोबरं वाटलं आणि म्हणाले, "चूक तुमची नाय, माझी. देवाच्या पुढ्यात सगळ्यांनी व्हय म्हनावं. मशीनीच्या पुढ्यात एक तरी नाय म्हननारं मानूस पायजे. जुबेदाआपा, आजपासून ते काम तुझं."

"माझाच का?"

"मासेवालीच्या पहिल्या भावाला तू कधी व्हय म्हनलीस?"

"मरेन पन नाय म्हणायची."

"म्हनून."

नाही म्हणणारी मिळाली, पण लेबलं मिळेनात. मुंबईच्या एका दुकानाची कोकम सरबताची मोठी मागणी आली होती. बाटल्या भरून, बुचं लावून रांगेत उभ्या. लेबलाशिवाय बाटली दुकानात जात नाही. त्यावर बॅच नंबर हवा, तारीख हवी, आणि हाताने लिहिलेलं चालणार नाही असं दुकानदाराने बजावलं होतं. आठवड्यात माल आला नाही तर तो दुसऱ्याकडून घेणार होता. म्हणजे सगळ्यांची हंगामाची मेहनत फडताळावर बसणार होती. सॉफ्टवेअर विकत घ्या, असं मी सुचवून पाहिलं. शेट्येबाई म्हणाल्या, "ज्याला हात लावता येत नाही, त्याला कसले पैसे?"

त्यांनी आपला उपाय आणला. पुण्याच्या भाच्याने दिलेला पेनड्राइव्ह. "हे घ्या. मोठ्या कंपनीचं, हजारोंचं सॉफ्टवेअर. भाच्याने फुकट दिलंय. आता बसवा आणि लेबलं काढा."

धोंडूभाऊंनी तो पेनड्राइव्ह मेलेल्या खेकड्यासारखा दोन बोटांत धरला, आपल्या जुन्या लॅपटॉपवर उघडून आतली 'किल्ली अशी फोडा' ही सूचना वाचली, आणि चपला काढल्या.

"बा देवा म्हाराजा! हा पावना शेट्येबाईंच्या भाच्यानं आनलाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बनवनाऱ्यानं भाच्याला तो दिलाय काय, म्हाराजा?"

सगळ्या जुबेदाआपाकडे बघायला लागल्या. जुबेदाआपा शेट्येबाईंकडे. कोणाला किती काम द्यायचं हे शेट्येबाई ठरवायच्या, आणि बोटीवरून पैसे वेळेवर येतातच असं नाही. क्षणभर मला वाटलं, आता ही 'व्हय' म्हणणार.

"नाय म्हाराजा," ती म्हणाली. मग तिच्या नेहमीच्या आवाजात: "नाय, म्हाराजा!"

"अगं, तुला काय कळतं त्यातलं?" शेट्येबाई भडकल्या.

"मना काय कळत नाय. म्हनून तर मना ठेवलानी."

पेनड्राइव्ह शेट्येबाईंच्या पर्समध्ये परत गेला. त्या म्हणाल्या, आठवडा संपेपर्यंत लेबलं झाली पाहिजेत, नाहीतर भाऊ, तुम्ही तुमची छत्री उचला.

दिवस जात होते. रोज जेवणाच्या वेळेला बायका आता डबे न उघडता संगणकामागे उभ्या राहायच्या. एक दिवस पियानो लागला. एक दिवस फोटोला मिशा लावायचं लागलं. ते धोंडूभाऊंनी उतरवून घेतलं, आणि शेट्येबाईंचा सोडून सगळ्यांच्या फोटोला मिशा लावून पाहिल्या. आणि मग, आठवडा संपायला आला असताना, ते खुर्चीवरून उडाले.

"पापलेट! पापलेट लागलं! लेबलांचं हाय! बॅच नंबर, तारीख, सगळं हाय!"

बायका लाल हातांनी नाचायला लागल्या. जुबेदाआपाने मला मिठी मारली. ती साडी मी नंतर पुसायला वापरली. गाऱ्हाणं सुरू झालं, एकेक होकार पत्र्याला लागून परत येत होता. आणि धोंडूभाऊ अटी वाचता वाचता पडद्याजवळ वाकले. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"फुकटचं हे फक्त घरगुती वापराला हाय, वैनी. आपन विकतो. आपल्याला नाय."

शेट्येबाईंनी हात जोडले. "भाऊ, ते लोक कुठे सातासमुद्रापार. कोण येतंय बघायला?"

"बघायला कोन येत नाय, म्हनून तर गावात देव ठेवलाय."

"मग बसा देवाजवळ! उद्यापासून येऊ नका."

धोंडूभाऊंनी छत्री उचलली. पण जायच्या आधी ते उभ्याउभ्याच कंपनीला मेल लिहायला लागले. इंग्रजी त्यांचं बंदरातलं, जहाजांना निरोप द्यायचं: आखूड वाक्यं आणि सगळी अक्षरं मोठी. त्याचा मराठीत अर्थ असा: "महोदय. आम्ही रत्नागिरीच्या बायका. कोकम विकतो. तुमचं सॉफ्टवेअर उत्तम. अट वाचली. अट मोडणार नाही. एका मशीनवर धंद्यासाठी वापरायची परवानगी मागतो. फुकटचा दिवस उद्या संपतो. आमच्याकडे विनंतीला होकार देताना 'व्हय म्हाराजा' म्हणतात. होकार असल्यास तसं कळवावं."

मी म्हटलं, "भाऊ, आम्ही बायका? तुम्ही?"

"मी धरून," ते म्हणाले आणि पाठवून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी ते आत आले नाहीत. येऊ नका म्हटलं होतं ना. बाहेरच्या चिऱ्याच्या पायरीवर उन्हात छत्री उघडून बसले. दर थोड्या वेळाने जुबेदाआपा दारातून ओरडायची, "नाय, म्हाराजा!" म्हणजे मेल नाही. डबे उघडायची वेळ जवळ आली. ती वेळ झाली की सॉफ्टवेअर बदलणार. शेट्येबाई आत बसून काहीच करत नव्हत्या, आणि ते त्यांना जमत नव्हतं.

मेल आला तो मीच उघडला. एक नवरा-बायको मिळून ती कंपनी चालवत होते. एका मशीनवर खुशाल वापरा, असं त्यांनी लिहिलं होतं. इतकी वर्षं फुकट वाटतोय, पण अट वाचून परवानगी मागणारे तुम्ही पहिलेच. हे कोकम म्हणजे काय असतं? आणि खाली, रोमन अक्षरांत, मोठ्या टायपात: व्हय म्हाराजा.

मी ते मोठ्याने वाचलं. काय आरडाओरडा झाला! गॅरेजवाला पुन्हा धावत आला. पायरीवरून धोंडूभाऊ छत्रीसकट आत घुसले, छत्री दारात अडकली, ती तशीच टाकून त्यांनी सॉफ्टवेअर उतरवलं, बसवलं, किल्ली फिरवली. पहिलं लेबल निघालं ते शेट्येबाईंनी स्वतः बाटलीवर डकवलं. तिरकं.

माल वेळेत गेला. शेट्येबाईंनी त्या नवरा-बायकोला सरबताची बाटली पाठवायचा हट्ट धरला आणि कुरिअरचा खर्च ऐकून मटकन बसल्या. "यापेक्षा सॉफ्टवेअर विकत स्वस्त पडलं असतं!" पण बाटली गेली.

त्यानंतर पुढच्या वर्षी धोंडूभाऊंच्या थोरल्या भावाचा आवाज बसला तो उठलाच नाही. गावाने निरोप धाडला: आता गाऱ्हाण्याचा मान धाकट्याकडे. ज्याची जन्मभर वाट पाहिली ते आलं, आणि धोंडूभाऊ मंडणगडच्या गाडीची वाट बघत एसटी स्टँडवर पांढरेफटक पडून उभे. बायको आधीच पुढे गेली होती. आम्ही पोचवायला गेलो होतो.

"वैनी, इतके दिस मशीनीचंच म्हनतोय. देवाच्या पुढ्यात उभा राह्यलो आन् तोंडातून पासवर्ड निघाला तर?"

"निघू दे," जुबेदाआपा म्हणाली. "देवाला पन कळाया पायजे, कोनाला देऊ नये ता."

ते गाडीत चढले, खिडकीत बसले. गळ्यातला एक पेनड्राइव्ह काढून त्यांनी माझ्या हातात दिला. दुसरा ठेवून घेतला. पहिला हरवला तर?

गाडी सुरू झाली तेवढ्यात शेजारच्या बाईने त्यांच्यापुढे फोन धरलेला दिसला. तिला काहीतरी फुकट लागलं होतं, तिचा चेहराच सांगत होता. धोंडूभाऊंनी फोन हातात घेतला, वाचला, आणि उभे राहिले. छत्री टेकली. खिडकीतून तो खणखणीत आवाज बाहेर आला, "बा देवा म्हाराजा!" आणि मंडणगडची गाडी ती; आतल्या माणसांना शिकवावं लागलं नाही. अख्खी गाडी गर्जली, "व्हय म्हाराजा!"

"अगे, व्हय नका बोलू!" जुबेदाआपा पदर खोचून गाडीमागे धावली आणि पत्र्यावर थापा मारायला लागली. "नाय म्हाराजा! नाय बोला, नाय!"

कंडक्टरने डबल घंटी दिली. गाडी फाटकातून वळली. खिडकीतून एक छत्री बाहेर आली आणि जोरजोराने, नाही, नाही, अशी हलत गेली.